कुरकुरीत पक्ष आणि मऊ पक्ष

नाशिक जिल्ह्याचा संसार मुख्यतः तीन पिकांवर चालतो: कांदा, टोमॅटो आणि द्राक्षं. लासलगावला कांद्याचा भाव हलला की दिल्लीत फोन वाजू लागतात. पिंपळगाव बसवंतला टोमॅटोच्या जाळ्यांनी भरलेल्या गाड्यांची रांग लागते. निफाड-दिंडोरीची द्राक्षं बोटीत बसून युरोपला जातात. आणि या जिल्ह्याच्या मुख्य गावात, आमच्या जेवणाच्या टेबलाशी, साडेचार वर्षांचा एक नागरिक या तिन्ही पिकांवर बहिष्कार घालून बसलेला असतो. पोह्यांतला कांदा तो एकेक वेचून ताटलीच्या कडेला ठेवतो. भाजीतला टोमॅटो चिमटीत धरून, मान वळवून बाहेर काढतो. द्राक्ष दिलं तर म्हणतो, “आजी, सोलून दे.” द्राक्ष सोलायचं! “हळू बोल,” आमचे हे त्याला सांगतात, “लासलगावला ऐकू गेलं तर भाव आणखी पडेल.”

घरात बरेच दिवस यावर ठरलेलं निदान होतं. ह्याला कांदा आवडत नाही, ह्याला टोमॅटो चालत नाही, वगैरे. पाहुणे आले की सूनबाई हे त्यांना सांगायची आणि पाहुणेही आपापल्या घरच्या यादीतली दोन-चार नावं सांगायचे. पण पावसाळ्यात एकदा खेकडा भजी झाली. कढईजवळ उभं राहून या बहिष्कारवाल्यानं भज्यांचे कुरकुरीत पाय मोडून मोडून खाल्ले. खेकडा भजी म्हणजे उभा चिरलेला कांदा आणि त्याला धरून ठेवण्यापुरतं बेसन. पाहुण्यांना सांगितलेलं सगळं त्या कढईत तळून निघालं. मग मी लक्ष ठेवू लागले. टोमॅटो न खाणारा हा मुलगा टोमॅटोचं सॉस पोळीवर, पराठ्यावर, आणि कुणाचं लक्ष नसेल तर शिऱ्यावरही घेतो. द्राक्षाच्या सालीला नाक मुरडणारा हाच, बेदाण्याच्या डब्याची जागा बरोबर ओळखून आहे; आणि बेदाणा म्हणजे सालीत गुंडाळलेली सालच की!

म्हणजे भांडण कांद्याशी नाही. पोह्यांत वाफेवर शिजून तो जो मऊ, निसटता, दाताखाली न सापडणारा होतो, त्या अवस्थेशी आहे. टोमॅटोच्या फोडीत वर चामट साल, आत गर आणि त्याच्याही आत बुळबुळीत बिया, अशी तीन माणसं एका खोलीत राहतात आणि तिघंही एकाच वेळी तोंडात येतात. सॉसमध्ये ती तिघं मिटून एक झालेली असतात. आम्ही मोठी माणसं ताटाकडे पाहून विचारतो, “काय आहे आज?” तो पाहतो, “कसं आहे?” आम्ही यादी वाचतो आणि तो थेट मालाची तपासणी करतो.

त्याची ताई दुसरीत आहे आणि ती विरुद्ध पक्षाची. तिला सगळं मऊ लागतं. पापड ती आमटीत बुडवून, त्याचा आवाज पूर्ण बंद झाल्यावर खाते. चिवड्यावर दही घालून तो चांगला भिजेपर्यंत थांबते. पोळी दुधात कुस्करते. सध्या तिच्या वरच्या पुढच्या दोन दातांनी राजीनामा दिलेला असल्यामुळे तिच्या धोरणाला वैद्यकीय आधारही मिळाला आहे. पेरू आणि मक्याचं कणीस हे दोन विषय सहामाहीपर्यंत तहकूब आहेत. भेंडीच्या दिवशी सूनबाईला दोन कढया चढवाव्या लागतात: एकीत उघड्यावर, तेलात खरपूस केलेल्या काचऱ्या, दुसरीत झाकण ठेवून केलेली मऊ भाजी. “अहो आई, बाजारात भेंडी एकच मिळते हो,” ती मला म्हणते, “घरी आल्यावर तिचे दोन पक्ष होतात.”

ही आवडनिवड हट्टातून किती आणि शरीरातून किती येते, हे कळायला अगदी सुरुवातीला जावं लागतं. आपल्याकडे उष्टावण असतं. मामाच्या मांडीवर बाळ, चांदीच्या वाटीत खीर, सगळ्यांचे मोबाइल वर. मामा पहिला घास भरवतो आणि बाळ जिभेनं तो सगळाच्या सगळा परत करतं. मामाचा चेहरा उतरतो. पण त्या वयाच्या बाळाच्या तोंडात उमासा येण्याची जागा मोठ्यांच्या मानानं बरीच पुढे, जिभेवरच असते. वय वाढतं तशी ती मागे सरकते. खिरीतला एखादा रवाळ कण त्या जागेवर गेला की उमासा येणारच. त्यात मामाविषयी काही मत नसतं. पहिला दात बहुतेकांना सहा महिन्यांच्या आगेमागे येतो, दाढा वर्षानंतर, आणि वीस दुधाचे दात पुरे व्हायला तीन वर्षं उजाडतात. तोपर्यंत चावणं, चघळणं, घास जिभेनं एका गालातून दुसऱ्या गालात नेणं ही सगळी शिकायची कामं असतात. चालायला शिकताना मूल पडलं तर आपण “पडू दे” म्हणतो. चावायला शिकताना त्यानं घास काढला तर मात्र घरभर चर्चा होते.

या शिकण्याला वेळापत्रक असतं, असं इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या संशोधकांना दिसलं. तिथे १९९१-९२ साली जन्मलेल्या हजारो मुलांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. त्यात बाळाला गुठळ्या असलेलं, थोडं चावावं लागेल असं अन्न पहिल्यांदा केव्हा दिलं, हेही विचारलं होतं. ज्यांना ते दहाव्या महिन्यानंतर मिळालं, त्यांना सव्वा वर्षाच्या वयात भरवणं आयांना जास्त जड गेलं होतं. त्यांतलीच मुलं सात वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर ती फळं आणि भाज्याही कमी खात होती. हे वाचून मी आमच्या मिक्सरकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. नातवाच्या वेळी डाळ-तांदूळ, गाजर, बटाटा सगळं मिक्सरमधून जाऊन एका रंगाचं आणि एका चवीचं होऊन त्याच्या वाटीत यायचं. माझ्या सासूबाई वरणभात हातानं कालवायच्या. पाच बोटांनी कितीही मऊसूत केला तरी त्यात कुठेतरी अर्धं शीत, एखादा डाळीचा दाणा राहायचाच. सासूबाईंना ब्रिस्टल कुठे आहे हे माहीत नव्हतं. त्यांच्याकडे मिक्सर नव्हता, एवढंच त्यांचं संशोधन. शिवाय त्याच हातांनी वाढलेला माझा दीर आजही वांग्याच्या भरताला हात लावत नाही, तेव्हा सगळं श्रेय बोटांना द्यायचं कारण नाही.

दोन वर्षांनंतर आणखी एक गोष्ट सुरू होते. कालपर्यंत समोर येईल ते तोंडात घालणारं मूल एकदम संशयी होतं. दोन ते सहा या वयात नव्या अन्नाविषयीचा संशय सर्वांत जास्त असतो, असं अभ्यासक सांगतात. माणसाचं पिल्लू आपल्या पायांनी झुडपांत फिरू लागायचं तेच हे वय, तेव्हा दिसेल ते फळ न खाणारं पिल्लू जगण्याची शक्यता जास्त, असा त्यामागचा तर्क. आमच्या फ्लॅटमध्ये झुडुपं नाहीत, बाल्कनीत तुळस आणि कोरफड आहे. पण नातवाचं तोंड अजून जुन्याच कायद्यानं चालतं.

आणि या कायद्याप्रमाणे बिस्किटाला प्रवेश सहज मिळतो, द्राक्षाला मिळत नाही. पुड्यातलं पहिलं बिस्किट आणि शेवटचं बिस्किट दाताखाली एकसारखंच वागतं. मागच्या महिन्यातलंही तसंच होतं, पुढच्या महिन्यातलंही तसंच असेल. द्राक्षाचा भरवसा नाही. एकाच घडातला एक मणी टच्च, दुसरा पिचपिचीत, तिसरा आतून आंबट. मोठं माणूस तिसरा मणी खाऊन चौथा उचलतं. साडेचार वर्षांचा माणूस तिसऱ्या मण्यालाच दुकान बंद करतो.

याचा मला राग यायचा, तो दिंडोरीजवळच्या एका ओळखीच्या बागाईतदाराकडे गेल्यावर गेला. ऑक्टोबरातल्या छाटणीपासून त्यांचं सगळं चित्त मण्यावर असतं. घडातले जास्तीचे मणी कात्रीनं काढून विरळणी करायची, उरलेले फुगावेत म्हणून घड जीए या संजीवकाच्या द्रावणात बुडवायचे, मण्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजायची, गोडी ब्रिक्समध्ये. परदेशी जाणाऱ्या पेटीतले मणी एका मापाचे, एका रंगाचे, कडक आणि बिनबियांचे लागतात. पूर्वी बाजारात अनाबेशाहीसारखी बियांची द्राक्षं भरपूर असत, पुढे बिनबियांच्या थॉमसननं आणि तिच्यातून निवडलेल्या वाणांनी बागा व्यापल्या. म्हणजे बी नको, मऊ नको, प्रत्येक मणी आधीच्यासारखाच हवा, हा आमच्या नातवाचा हट्ट जेव्हा युरोपातलं गिऱ्हाईक धरतं, तेव्हा त्याला गुणवत्ता म्हणतात आणि त्यासाठी जिल्हाभर माणसं राबतात. साल सोलून देण्याची अट अजून कुण्या आयातदारानं घातलेली नाही. पण नातवानं ती घातली तेव्हा मला उगाचच कृषी खात्याचा एखादा अधिकारी आठवला.

या संशयाला एक पळवाट आहे आणि ती मुलांनीच शोधलेली आहे. जो मुलगा पोह्यांतला मऊ कांदा पाहून शहारतो, तोच चहाच्या बशीत पार्ले-जी बुडवतो, ते वाकेपर्यंत थांबतो आणि मोडायच्या क्षणाआधी उचलून तोंडात टाकतो. कधी अंदाज चुकला तर बशीच्या तळाशी झालेला लगदा चमच्यानं खातो आणि बशीही चाटतो. त्या लगद्याहून गिळगिळीत पदार्थ आमच्या घरात दुसरा नाही. फरक इतकाच, की तो त्यानं स्वतः केलेला असतो. बिस्किट कडक होतं तेव्हापासून तो हजर होता. त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्या परवानगीनं ते मऊ झालं. पोह्यांतला कांदा मऊ झाला तेव्हा त्याला कुणी विचारलं नव्हतं. ताईचा आमटीतला पापडही याच जातीचा. आम्ही आधीच भिजलेला पापड वाढला तर ती तो घेणार नाही.

हे ध्यानात आलं आणि मला आमची लहानपणची गच्ची आठवली. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू भिजत घालायचे, तिसऱ्या दिवशी ते वाटून, गाळून सत्त्व काढायचं आणि भल्या पहाटे मोठ्या पातेल्यात चीक शिजवायचा. हाटून हाटून हात भरून यायचे. चीक पारदर्शक होऊन पळीवरून जाड धारेनं पडू लागला की आम्ही मुलं वाट्या घेऊन रांगेत. कुणी दूध-साखर घालून खायचं, कुणी तेल-मीठ. त्या चिकासारखं चिकट, लोंबणारं, घशातून आपल्या आपण सरकणारं दुसरं काही मी खाल्लेलं नाही. आजच्या टेबलावर तो अनोळखी म्हणून ठेवला तर दोन्ही पक्ष एकत्र येऊन त्याच्या विरोधात मत देतील. मग सोऱ्यातून कुरडया पडायच्या. दुपारी, वरून सुकलेल्या आणि आतून ओल्या असताना त्यांच्या कडा आम्ही मोडून खायचो. त्या वातड कडांसाठी भांडणं व्हायची. दोन दिवसांनी त्या काडीसारख्या कडकडीत व्हायच्या आणि तेलात पडल्या की फुलून तोंडात विरघळायच्या. उडदाच्या पापडाच्या दिवशी तेच: तेलात बुडवलेली लाटी दाताला चिकटायची, वर पापडखाराची चव, आणि आई ओरडायची, “लाट्या संपवाल, मग लाटायचं काय?” गहू तोच, उडीद तोच. तो चिकट असल्यापासून कुरकुरीत होईपर्यंत आम्ही त्याच्या संगतीत असायचो, राखणीलाही आम्हीच, कावळ्यांवर दगड मारत. मुलांना अन्नाचे प्रकार शिकवायचे म्हणून हे कुणी करत नव्हतं. वर्षाची बेगमी करायची होती आणि घरात फुकटचे मजूर होते. आता कुरडया बचत गटाकडून पुड्यांत येतात, छान असतात, आणि मुलांची त्यांच्याशी पहिली भेट थेट तळणीनंतर होते.

घरात जे जमत नाही ते शाळेत कधी कधी आपोआप होतं. अमेरिकेत लिअॅन बर्च या बाईंनी १९८० साली बालवाडीतल्या मुलांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एका भाजीची नावड असलेल्या मुलाला, ती भाजी आवडणाऱ्या तीन-चार मुलांच्या टेबलावर सलग चार दिवस जेवायला बसवलं. कुणी उपदेश केला नाही, गोष्ट सांगितली नाही. तरी बरीचशी मुलं ती नावडती भाजी उचलू लागली. आमच्या ताईनं मोड आलेली मटकी घरी कधी खाल्ली नाही. कारण विचारलं तर, “बाहेर कडक, आत पिठूळ.” एक दिवस तिच्या बाई भेटल्या तेव्हा कळलं, ती मैत्रिणीच्या डब्यातली मटकी रोज खाते आणि आपली बटाट्याची भाजी तिला देते. मी घरी तिला विचारलं, तर म्हणाली, “आजी, ती वेगळी मटकी आहे.” मी पुढे काही बोलले नाही. डब्याच्या झाकणात, बाईंची पाठ फिरल्यावर खाल्लेली मटकी वेगळीच असणार.

यात थोडं गंभीर होऊन सांगावं असंही एक आहे. काही मुलांच्या बाबतीत हे दोन पक्षांचं राजकारण नसतं. तोंडातला प्रत्येक स्पर्श त्यांना मोठ्या आवाजात येतो, घास पाहूनच उमासा येतो, खायच्या पदार्थांची यादी कमी कमी होत चार-पाचांवर येते, वजन वाढत नाही. स्वमग्न मुलांमध्ये हे पुष्कळदा दिसतं, इतरांमध्येही दिसतं. अशा मुलाला “उपाशी ठेवा, आपोआप खाईल” हा नातेवाइकांचा आवडता सल्ला लागू पडत नाही. तिथे बालरोगतज्ज्ञाकडे जावं, आणि घास भरवायला शिकवणारे थेरपिस्ट असतात, त्यांची मदत घ्यावी. आमच्या ओळखीच्या एका घरात आईनं असं केलं, तेव्हा चार जणांनी तिला “लाडावून ठेवलंय” म्हणून ऐकवलं. तो मुलगा आता वरणभात खातो. ऐकवणारे अजून ऐकवतात.

बाकी आमच्यासारख्यांसाठी नाशिकनं स्वतःच एक तोडगा काढून ठेवला आहे, तो म्हणजे रविवारची मिसळ. गंगापूर रोडच्या पुढे नाहीतर मखमलाबादच्या मळ्यांकडे सकाळी गेलं की झाडाखाली खाटा, मुलांना झोके, आणि समोर थाळी: एका वाटीत मटकी, एकीत तर्री, बाजूला फरसाण, दही, कांदा-लिंबू, पाव, आणि नाशिकच्या रिवाजाप्रमाणे पापड. काही ठिकाणी वर जिलेबी. नाव मिसळ, पण ती मिसळायचं काम गिऱ्हाइकाचं. धाकटा फरसाण आणि पापड कोरडे खातो. मटकी त्याच्या हद्दीत येत नाही. ताई फरसाण दह्यात बुडवून त्याचा सत्याग्रह मोडेपर्यंत थांबते. मुलगा सगळं एकदम कालवतो, सूनबाई तर्री घासाघासाला ओतते, कारण तिला शेवेचा शेवटपर्यंत आवाज हवा असतो. ऑक्सफर्डमध्ये २००४ साली लोकांना कानाला हेडफोन लावून चिप्स खायला दिल्या होत्या. कुरकुरीचा आवाज वाढवून ऐकवला की तीच चिप त्यांना जास्त ताजी वाटे. त्या संशोधकांना पुढे गमतीच्या नोबेलचा, इग नोबेलचा मान मिळाला. सूनबाईला हे ठाऊक नसतानाही तिचा रविवार त्याच तत्त्वावर चालतो. त्या टेबलावर कुणी कुणाला “हे खा” म्हणत नाही आणि भांडण होत नाही.

मागच्या रविवारी मात्र आमच्या ह्यांनी पाव हातात घेऊन दाबून पाहिला. “मऊ आहे,” ते म्हणाले. सत्तरी उलटली तरी त्यांना पाव तव्यावर दोन्ही बाजूंनी कडक भाजलेला लागतो. शिवाय साबुदाण्याची खिचडी गिच्च झाली तर ते ताटावरून उठतात आणि घरात सगळे ते सांभाळून असतात. त्यांनी वेटरला हाक मारली. पोरगा धावत आला, “हो आबा, लगेच,” म्हणून पाव घेऊन गेला आणि करपवून आणला. कुणी काही बोललं नाही. धाकटा पापड खायचा थांबून हे सगळं पाहत होता.

सोमवारी सकाळी त्याच्या ताटलीतला उपमा न खाता स्वयंपाकघरात परत आला. सोबत निरोप होता: “कडक करून आणा, लगेच.”